गावात नवीन आलात? आधी 'लाईन' समजून घ्या

जून लागला की आमच्या इकडं नवीन माणसं येतात. बदलीवर आलेले गुरुजी, बँकेतले सर, तलाठी, ग्रामसेवक, उपकेंद्रातल्या सिस्टर, बियाण्याच्या कंपन्यांचे फिल्डवरचे पोरं. कोणी कोल्हापूरकडचं, कोणी नाशिकचं, कोणी थेट मुंबईचं. वऱ्हाडी बोलीची त्यांना जरा धास्ती असते, पण ती दोन-तीन महिन्यांत जाते, 'काऊन', 'कायले', 'मले-तुले', 'करून राह्यलो' हे सगळं कानात बसतं आणि काही जण तर पोट्ट्यांसोबत, म्हणजे पोरांसोबत राहून आमच्यापेक्षा भारी बोलायला लागतात. गोची होते ती भलत्याच ठिकाणी, म्हणजे जो शब्द ऐकून वाटतं की हा तर इंग्रजी आहे, हा मला येतो, तिथं.

तो शब्द म्हणजे लाईन. सकाळी नळापासून रात्री मोटर बंद करेपर्यंत हा शब्द गावात किती वेळा येतो ते मोजायला बसलात तर दुसरं काम होणार नाही, आणि दरवेळी अर्थ वेगळा. म्हणून हा लेख, नवीन माणसासाठी, पायरी पायरीनं. डोळ्यासमोर यवतमाळ-अमरावती-अकोला-वर्धा हा भाग ठेवलाय, गोंदिया-गडचिरोलीकडं बोली बदलते पण लाईन तिकडं पण लाईनच आहे.

पायरी १ : लाईन सोडा, पुढचा शब्द धरा

नुसत्या 'लाईन' शब्दाला काही अर्थ नाही असं समजा. अर्थ त्याच्या पुढच्या क्रियापदात असतो. लाईन गेली, लाईन आली म्हटलं की वीज. लाईन लागली म्हटलं की रांग. लाईन टाकली म्हणजे जमिनीखालून पाइप टाकला, लाईन ओढली म्हणजे खांबावरून तार नेली. फुटली ती पाण्याची, तुटली ती विजेची, आणि कटली ती फोनची. कापली म्हटलं तर मात्र बिल थकलं होतं असं समजा आणि फार चौकशी करू नका, माणसाला लाज वाटते.

दुसरं, शब्दाचं रूप ऐका. आपल्या मराठीनं या इंग्रजी शब्दाला पूर्ण घरचं करून टाकलंय, त्याला स्त्रीलिंग दिलं, अनेकवचन 'लाईनी' केलं आणि 'भिंत'चं 'भिंतीत' होतं तसं 'लाईन'चं 'लाईनीत', 'लाईनीवर' पण केलं. यात फरक आहे. 'लाईनवर आहे' म्हणजे फोनवर आहे. 'लाईनीवर आहे' म्हणजे पोरगं आता नीट वागायला लागलंय, किंवा तो ड्रायव्हर आहे आणि गाडी घेऊन बाहेर गेलाय, किंवा बकरी रेल्वेच्या रुळावर उभी आहे. 'लाईनीत आहे' म्हणजे रांगेत आहे, किंवा त्या धंद्यात आहे. बोलणारा कोण, उभा कुठं, एवढं पाहिलं की यातलं कोणतं ते कळतं.

पायरी २ : लाईन म्हणजे वीज, आणि इथं जास्त वेळ द्या

तुमच्याकडं लाईट जाते, आमच्याकडं लाईन जाते. अर्थ एकच आहे असं वाटेल, तरी थोडं थांबा. गावात बहुतेक ठिकाणी दोन वेगळ्या लाईनी असतात, एक गावठाणाची आणि एक शेतीची, फीडरच, म्हणजे सबस्टेशनवरून येणाऱ्या मुख्य लाईनीच, वेगळे केलेले आहेत. त्यामुळं तुमच्या खोलीत पंखा चालू असतो आणि समोरचे काका दारात येऊन म्हणतात "लाईन नाई ना सर सकायपासून", तेव्हा ते खोटं बोलत नाहीत, ते वावरातल्या, म्हणजे शेतातल्या, लाईनीबद्दल बोलून राह्यले. गावची की वावराची, हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न, कोणती लाईन, थ्री फेज की सिंगल. विहिरीवरची मोटर बहुतेक थ्री फेजवर चालते आणि शेतीला थ्री फेज दिवसभर नसते, साधारण आठ तास असते, आणि ती पण कधी दिवसाची पाळी, कधी रातची. म्हणून "लाईन हाय पण थ्री फेज नाई" हे वाक्य ऐकलं तर त्यात काही विसंगती नाही. झोपडीतला बल्ब जळतोय, मोटर उचलत नाही, एवढंच.

आता हे तुम्हाला कशाला सांगतोय, तर तुमच्या कामासाठी. हिवाळ्यात हरभरा-गव्हाला ओलीत असतं, म्हणजे पाणी द्यायचं असतं. त्या हप्त्यात लाईन रातची असली तर अर्धं गाव रात्री वावरात असतं, थंडीत, हातात बॅटरी, पायाखाली साप-विंचू, आणि पहाटे घरी येऊन झोपतं. अशा हप्त्यात तुम्ही सकाळी ८ वाजता पालकसभा लावली, बचत गटाची बैठक लावली, कर्जवसुलीला निघालात, तर कोणी भेटणार नाही आणि तुम्ही म्हणाल की गावकरी उदासीन आहेत. आधी विचारा, "या हप्त्यात लाईन दिवसाची का रातची?" हा एक प्रश्न विचारणारा नवीन माणूस गावाला लगेच आपला वाटतो, हे मी पैजेवर सांगतो. हल्ली सोलरचे पंप बसून राह्यले, 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के हिस्सा भरावा लागतो, आणि ज्याच्याकडं तो पंप बसला तो माणूस लाईनीच्या गप्पांतून हळूहळू बाहेर पडतो, ढगाच्या गप्पांत शिरतो.

खोलीतली लाईन गेली तर काय करायचं? घाबरून लगेच फोन करू नका, आधी बाहेर येऊन पहा. "आमचीच गेली का सगळ्याईची?" असं ओरडून विचारायचं, इथं ते असभ्य नाही. सगळ्या गावाची गेली असेल तर फीडरवर काहीतरी आहे, वाट पाहायची. तुमच्या ओळीतल्या काही घरांची गेली, काहींची आहे, तर डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा, एक फेज गेलाय, इथले लोक म्हणतील 'डिओ उडाला', म्हणजे तिथला फ्यूज गेला. आणि फक्त तुमचीच गेली असेल तर घरातलं एमसीबी पहा, मग घरमालकाला सांगा, मग लाईनमनला. गावातला एखादा पोट्टा लांब बांबू घेऊन डीपीवर काहीतरी करताना दिसेल, तो तुम्हाला पण बोलावेल, जाऊ नका. खांबावर काम करायला लाईनमन स्वतः सुद्धा सबस्टेशनवरून परमिट घेतो, म्हणजे तिकडून लाईन बंद केल्याची खात्री करून मगच चढतो.

लाईनमनचा नंबर पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा. तो नाही उचलला तर १९१२ हा तक्रारीचा नंबर आहे, आणि त्यावेळी बिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक हाताशी लागतो, म्हणून बिलाचा फोटो मोबाईलमध्ये असू द्या. कागदोपत्री लाईनमनला जनमित्र म्हणतात, तंत्रज्ञ म्हणतात, पण गावात तो लाईनमनच, आणि बाई असली तरी लाईनमन मॅडमच. जाता जाता, कंपनीचं नाव २००५ पासून महावितरण आहे तरी म्हातारी माणसं 'बोर्ड' किंवा 'एमएसईबी' म्हणतात, ऑफिस शोधताना ते लक्षात ठेवा.

पहिल्या पावसात लाईन हमखास जाते. लोक चिडतात, पण त्याला एक कारण आहे जे मला एका लाईनमननंच सांगितलं. खांबावर जे चिनी मातीचे इन्सुलेटर असतात ते आमच्या ४५ अंशाच्या उन्हात चांगलेच तापलेले असतात, त्यावर अचानक थंड पाणी पडलं की त्यांना तडा जातो, मग त्या तड्यातून करंट खांबात उतरतो आणि सबस्टेशनमधली यंत्रणा आपोआप लाईन बंद करते. तडा खालून दिसत नाही. मग रातच्याला, पावसात, चिखलात, खांब खांब पाहत जायचं. त्या रात्री लाईनमनला दहा-दहा वेळा फोन करू नये असं आपलं मत आहे.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. "तारेत लाईन सोडली हाय" हे वाक्य ऐकलं की जिथं असाल तिथं थांबा. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) पीक खातात, रात्रीतून एकराचा भुगा करतात, म्हणून काही जण शेताच्या कुंपणाला थेट खांबावरची लाईन जोडतात. हे बेकायदेशीर आहे, यात माणसं मरतात, गुरं मरतात, चंद्रपूर-यवतमाळच्या जंगलपट्ट्यात वाघ सुद्धा मेलेत. झटका मशीन वेगळं, ते बॅटरीवर चालतं, थांबून थांबून झटका देतं, जनावर पळतं पण मरत नाही. कुंपण दिसायला दोन्हीकडं सारखंच असतं. म्हणून सर्व्हेला, पंचनाम्याला, पीक पाहणीला कोणाच्याही वावरात शिरायच्या आधी, विशेषतः सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, धुऱ्यावरूनच, म्हणजे बांधावरूनच, आवाज द्या, "काका, तारेत लाईन तर नाई ना?" कोणाला राग येणार नाही. तसंच वादळानंतर कुठं तार तुटून पडलेली दिसली तर तिच्यात लाईन आहे असंच धरून चाला, काठीनं सुद्धा हात लावू नका, लांब उभं राहून बाकीच्यांना अडवा आणि लाईनमनला कळवा.

पायरी ३ : लाईन म्हणजे रांग, पण माणसांचीच असं नाही

रेशन दुकानापुढं, बँकेपुढं, जूनमध्ये कृषी केंद्रापुढं लाईन लागते, हे कुठंही आहे. आमच्याकडचं विशेष असं की लाईनीत माणूस असेलच असं नाही. चप्पल असते, पिशवी असते, दगड असतो. त्या दगडाला पूर्ण माणसाचा मान असतो. त्याच्या पुढं जाऊन उभे राहिलात तर सावलीत बसलेली एखादी मावशी म्हणेल, "बाप्पा, माहा नंबर हाय तठी." वाद घालू नका, ती बरोबर आहे.

मोठी लाईन कापसाची. दिवाळीनंतर जिनिंगपुढं, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यापुढं, ट्रॅक्टर, मेटाडोर, मालवाहू ऑटो यांची लाईन लागते, आणि "भाऊनं गाडी लाईनीत लावली" म्हणजे तो माणूस आज घरी नाही, कदाचित उद्या पण नाही, त्याचा डबा तिकडं गेलाय. सीसीआयची, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाची, खरेदी हमीभावानं असते, २०२५-२६ ला मध्यम धाग्याला ७७१० आणि लांब धाग्याला ८११० रुपये क्विंटल, आणि कापसात ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, १२ च्या वर गेला की घेतच नाहीत. म्हणून लाईनीत गाडी उभी असताना रात्री दव पडलं की माणूस उठून ताडपत्री नीट करत बसतो. २०२५ च्या हंगामापासून 'कपास किसान' नावाचं ॲप आलं, त्यात आधी नोंदणी करायची आणि स्लॉट घ्यायचा. बँकेतल्या नवीन सरांना सांगतो, कापूस गेल्याशिवाय कर्जाचा हप्ता येत नाही, म्हणून "गाडी लाईनीत हाय" हे उत्तर टाळाटाळीचं नाही, त्यात तारीख दडलेली आहे, फक्त विचारा कितव्या नंबरवर आहे.

आणि एक 'लाईन लावणे' याहून निराळं आहे. "त्यानं जिल्ह्यावर लाईन लावली" म्हणजे ओळख काढली, सेटिंग केली. हे हळू आवाजात बोललं जातं, त्यावरून ओळखा.

पायरी ४ : पाण्याची लाईन

इथं फार काही नाही. गावात नळाची लाईन, वावरात पाइपलाईन, आणि ठिबकवाल्याकडं मेन लाईन, सबमेन आणि मग बारीक नळ्या. "दोन इंचाची टाकली का तीन?" हा पाइपाच्या जाडीचा प्रश्न आहे. जलजीवनच्या कामात बऱ्याच गावांतले रस्ते खोदले गेले तेव्हापासून "लाईनीसाठी खांदलं" हे खड्ड्याचं कायमचं कारण झालंय. गाडी जपून चालवा, बस.

पायरी ५ : रेल्वेची लाईन, गाडीची लाईन

विदर्भाच्या मधून मुंबई-हावडा लाईन जाते, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, धामणगाव, पुलगाव, वर्धा, नागपूर. या गावांच्या आसपास नुसतं "लाईनीच्या पलीकडं" म्हटलं की रुळाच्या पलीकडं. म्हातारी माणसं मोठी लाईन आणि छोटी लाईन असा फरक करतात. मोठी म्हणजे ब्रॉडगेज, छोटी म्हणजे नॅरोगेज, रुळांत अडीच फुटाचं अंतर. छोट्या लाईनीचं नाव निघालं की शकुंतला या रेल्वेगाडीचं नाव निघणारच. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर, इंग्रजांच्या काळात कापूस बाहेर न्यायला टाकलेली, आणि गंमत म्हणजे स्वातंत्र्यानंतर पण तिची मालकी किलिक निक्सन या कंपनीच्या हातातच राहिली. १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं. आता गाडी बंद आहे पण "शकुंतलेची लाईन" हा पत्ता अजून चालू आहे, दारव्हा-कारंजाकडं कोणी तसा पत्ता सांगितला तर गवतात दडलेले रूळ शोधा.

नवीन लाईन म्हटलं की वर्धा-यवतमाळ-नांदेड, २८४ किलोमीटरची, वर्धा ते कळंब एवढा तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला, पुढचं काम चालू आहे. या पट्ट्यात एक वाक्य नीट ऐका, "आमचं वावर लाईनीत गेलं." वीज गेली नाही, वावर गेलं. म्हणजे जमीन संपादनात गेली. कोणाला मोबदल्यातून घर झालं, कोणाच्या दोन भावांत त्यावरून बोलणं बंद झालं, तेव्हा हे वाक्य ऐकून लगेच "अरे वा, मग पैसे मिळाले असतील" असं म्हणू नका, आधी समोरच्याचा चेहरा पहा.

रस्त्याला पण लाईन म्हणतात, दिशेच्या अर्थानं. "तो आर्णी लाईनले राह्यते", "ही काळीपिवळी कोणत्या लाईनची?" म्हणजे कोणत्या रस्त्यावरची. एसटी स्टँडवर हाच शब्द वापरा, लवकर उत्तर मिळतं.

शहरात कामाला गेलात तर सिव्हिल लाईन, पोलीस लाईन असे पत्ते येतील. इंग्रजांनी मुलकी साहेबांचे बंगले लष्करापासून वेगळे ओळीनं बांधले, त्याला सिव्हिल लाईन्स म्हटलं, लष्कराची छावणी नागपूरपासून बाजूला कामठीला होती, १८२१ पासूनची. नागपुरात विधानभवन, हायकोर्ट सगळं सिव्हिल लाईन्समध्येच. अकोला, वर्धा, चंद्रपूर इथं पण सिव्हिल लाईन आहे, म्हणून ऑटोवाल्याला गावाचं नाव नको, पण ऑनलाईन पार्सल मागवताना गाव नक्की लिहा.

पायरी ६ : माणसाची लाईन

"पोरगा कोणत्या लाईनीत हाय?" म्हणजे काय करतो, धंदा कोणता, नोकरी कशात. दहावीनंतर "सायन्स लाईन घेतली", "आयटीआय लाईन घेतली". आणि त्याच पोराबद्दल "लाईनीवर आला" म्हटलं तर आधी तो बिघडला होता, आता सुधारला. "लाईन सोडून बोलू नोको" म्हणजे पायरी सोडून, मर्यादा सोडून बोलू नको, हे ऐकायला आलं तर आवाज खाली घ्या.

लाईन मारणे. हा शब्द इथं पण तोच आहे जो तुमच्याकडं, पोरीमागं फिरणे. शहरात मित्रांत हसत हसत बोलून जातात. गावात हसण्यावारी नेऊ नका, विशेषतः तरुण गुरुजींनी आणि कंपनीच्या पोरांनी, कारण इथं पोरीचं नाव निघालं की ते संध्याकाळपर्यंत दुसऱ्या टोकाला पोचतं आणि त्रास तिला होतो, तिचं कॉलेज बंद होतं. गंमत म्हणून पण कोणाचं नाव जोडून हा शब्द वापरायचा नाही, एवढं पक्कं.

पण घाबरून क्रियापदच टाळू नका, कारण तेच क्रियापद शाळेच्या मैदानावर रोज लागतं. "सर, फक्कीनं लाईन मारू का?" असं पोट्टं विचारते तेव्हा तो चुन्याच्या भुकटीनं कबड्डीचं ग्राउंड आखायला निघालाय. मोठ्या पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, मधल्या लाईनीपासून पावणेचार मीटरवर बॉक लाईन आणि तिच्या पुढं एक मीटरवर बोनस लाईन. मोजून मारा, कारण बोनस लाईनवरून आमच्याकडं भांडणं होतात आणि पंच म्हणून गुरुजींनाच ओढतात.

पायरी ७ : मिस्त्रीची लाईन आणि वहीची लाईन

गावात घरकुलाची कामं चालू असतात. ग्रामसेवक, इंजिनिअर नवीन असाल तर 'लाईन आऊट' शब्द येईल, म्हणजे पायवा (पाया) खांदायच्या आधी जमिनीवर चुन्यानं घराचा आकार आखणे. पूजा त्याच दिवशी, नारळ पण तेव्हाच. नंतर भिंत उचलताना लागते ती लाईनदोरी. आता इथं मला एक गोष्ट सांगायचीच आहे. इंग्रजीतला हा लाईन शब्द लॅटिन 'लिनिया'वरून आला, त्याचा अर्थ जवसाच्या धाग्याची दोरी, कारण 'लिनम' म्हणजे जवस. लिननचं कापड त्यातलंच. जवसाचं शास्त्रीय नाव आजही लायनम युसिटॅटिसिमम आहे. म्हणजे जे जवस आमच्या वावरात पेरतात, ज्याची चटणी तुम्हाला पहिल्याच हप्त्यात भाकरीसोबत कोणीतरी वाढेल, त्या जवसाच्या सुतापासून हा शब्द निघाला. तिकडं धाग्यासाठी जवस लावत, आपण तेलासाठी आणि चटणीसाठी. एवढ्या सगळ्या लाईनींमध्ये मूळ अर्थाच्या सगळ्यात जवळ आमचा मिस्त्रीच आहे.

इंग्रजी शिकवणाऱ्या गुरुजींसाठी वेगळं. वहीचं सोपं आहे, सिंगल लाईन, डबल लाईन, आणि इंग्रजीसाठी फोर लाईन. पण पोरं इकडची लाईन इंग्रजीत घालतील. 'लाईन इज गॉन' असं निबंधात हमखास येतं. तिथं पावर किंवा इलेक्ट्रिसिटी हवं, हे एकदा फळ्यावर समजावून सांगा, लाल रेघ मारून सोडू नका, कारण पोराच्या कानानं ते बरोबरच लिहिलेलं असतं. रांगेला अमेरिकेत लाईन म्हणतात आणि इंग्लंडात क्यू, त्यामुळं रांगेच्या अर्थानं लाईन लिहिलं तर मार्क कापू नका. आणि इंग्रजीत असे बरेच अर्थ आहेत जे गावात नाहीत, नाटकातल्या नटाचे संवाद म्हणजे त्याच्या लाईन्स, गळाची दोरी म्हणजे फिशिंग लाईन. झाडीपट्टीकडं शाळा असेल, म्हणजे गडचिरोली-चंद्रपूर-गोंदियाकडं, तर तिथली पोरं नाटकं पाहून वाढलेली असतात, त्यांना 'लर्न युवर लाईन्स' एका मिनिटात समजतं.

पायरी ८ : ऑनलाईन

शेवटची आणि आजकाल सगळ्यात जास्त लागणारी. 'ऑनलाईन करणे' म्हणजे इथं सेतूत, म्हणजे सरकारी दाखले-अर्जांच्या केंद्रात, किंवा कॉम्प्युटरवाल्याकडं जाऊन कागद भरणे. "पेरा ऑनलाईन केला का?" म्हणजे ई-पीक पाहणी केली का, जी २०२१ पासून शेतकऱ्यानं स्वतः मोबाईलवर करायची असते पण बऱ्याच घरी ती पोरगी किंवा नातू करून देतो. "माहं ऑनलाईन नाई झालं" याचा अर्थ अंगठा उमटला नाही, ओटीपी आला नाही, आधारला नंबर जोडलेला नाही, नावात फरक आहे, यापैकी काहीही असू शकतो. नवीन तलाठ्यानं किंवा बँकेच्या सरांनी "ऑनलाईन करून या" असं सांगून माणूस परत पाठवू नये, कुठं अडलं ते एका चिठ्ठीवर लिहून द्यावं, नाहीतर तो दोन वेळा तालुक्याला जातो आणि मजुरी बुडते. आणि अजून एक लाईन लपून बसलीय ती बीपीएलमधली, म्हणजे 'बिलो पॉव्हर्टी लाईन'मधली. सरकारी मराठीत तिला दारिद्र्यरेषा म्हणतात, गावात कोणी रेषा म्हणत नाही, "बीपीएल हाय का?" एवढंच, किंवा सरळ पिवळं कार्ड हाय का.

आता सराव

खालची वाक्यं वाचा, उत्तर झाकून आधी स्वतः सांगा.

"सेतूत ऑनलाईनसाठी लाईन लागली व्हती पण लाईनच नव्हती." म्हणजे फॉर्म भरायला गर्दी होती आणि वीज नव्हती. हे वाक्य पीकविम्याच्या दिवसांत हमखास ऐकाल.

"लाईन आली असंन तर मोटर टाक, मी लाईनीत हाय." नवरा जिनिंगपुढून किंवा बँकेतून फोनवर बायकोला सांगून राह्यला की थ्री फेज आली असेल तर पंप सुरू कर.

"लाईन फुटली म्हून लाईनमनले फोन लावला तं तो म्हणे, ही माही लाईन नाई." पाइप फुटलाय, त्याला विजेवाला काय करणार, ग्रामपंचायतीच्या पाणीवाल्याला शोधा. चूक लाईनमनची नाही.

"वावर लाईनीत गेलं, पैसा आला अन् पोट्टं लाईन सोडून चाललं." जमीन रेल्वेत गेली, मोबदला मिळाला, पोरगं बहकलं. यावर सल्ला देऊ नका, चहा प्या.

"सर, तुमचा लहाना भाऊ कोणत्या लाईनीत हाय?" हे तुम्हाला विचारतील, साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, आणि विचारणाऱ्याच्या नात्यात लग्नाची पोरगी असते. भावाचं लग्न झालेलं असेल तर नोकरीच्या आधी ते सांगा.